सोळा होड्यांचा नियम

(दृश्य : टायटॅनिकचा वरचा डेक, जुनं छायाचित्र)

टायटॅनिकवर जीवरक्षक होड्या होत्या २०. चौदा मोठ्या, प्रत्येकीत ६५ जणांची सोय. दोन लहान, ४० जणांच्या. आणि कॅनव्हासच्या घडीच्या बाजू असलेल्या चार, ४७ जणांच्या. बेरीज ११७८. त्या रात्री जहाजावर माणसं होती सुमारे २२००.

पचायला जड जातं ते हे, की यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. जहाजांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याच्या हिशेबात प्रवासी नव्हतेच, होते जहाजाचे टन. तो तक्ता १०,००० टनांशी थांबायचा. त्यापुढचं जहाज केवढंही असो, डेव्हिटला, म्हणजे होडी बाहेर काढून खाली सोडणाऱ्या लोखंडी हातांना, टांगलेल्या १६ होड्या पुरे. टायटॅनिक होतं ४६,००० टनांचं. कंपनीने तर नियमापेक्षा चार होड्या जास्तच दिल्या होत्या!

जाणकारांचं म्हणणंही अगदीच वेडगळ नव्हतं. अटलांटिकवर जहाजांची वर्दळ, त्यात बिनतारी संदेश. मदतीला जहाज येईल, होड्यांनी फक्त फेऱ्या मारायच्या. १९०९ साली ‘रिपब्लिक’ या जहाजाच्या बाबतीत झालंही तसंच. धडकेत काही जण दगावले, पण बाकीच्यांना होड्यांतून सुखरूप हलवलं. मग कोण कशाला काळजी करतो?

टायटॅनिकच्या आराखड्यावर काम केलेले अलेक्झांडर कार्लाइल यांनी जास्त होड्या पेलणारे डेव्हिट सुचवले होते. चौकशीत त्यांनी सांगितलं, कंपनीबरोबरच्या बैठकांत सजावटीवर तासन् तास गेले. होड्यांच्या वाट्याला पाच-दहा मिनिटं.

(दृश्य : अधिकाऱ्यांच्या खोल्यांचं छत)

घडीच्या दोन होड्या होत्या इथे, छतावर. खाली आणायची धड सोय नाही. वल्ही टेकवून त्या घसरवल्या. एक उलटी पडली आणि तशीच वाहून गेली. तिच्या पालथ्या बुडावर माणसं पहाटेपर्यंत उभी होती. उलट एक नंबरची होडी निघाली तेव्हा ४० जणांच्या जागेत होते १२.

१९१४ साली लंडनच्या परिषदेत ठरलं : जितकी माणसं, तितक्या जागा.

(दृश्य : लुसिटानिया)

७ मे १९१५. लुसिटानिया या प्रवासी जहाजावर ४८ होड्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या. टॉर्पेडो लागला आणि जहाज उजवीकडे कललं. डाव्या होड्या आत डेकवर आदळू लागल्या, उजव्या बाहेर लांब लोंबू लागल्या. १८ मिनिटांत जहाज गेलं. धड पाण्यात उतरल्या सहा.