मायसिनीची गादी आणि जावयांचा हक्क

[दृश्य: मायसिनीचं सिंहद्वार, सकाळ]

ग्रीसमधल्या मायसिनी या प्राचीन नगराचं हे सिंहद्वार, इसवीसनपूर्व 1250 च्या सुमाराचं. दगडातल्या दोन्ही सिंहांची डोकी केव्हाच नाहीशी झाली आहेत.

दंतकथेनुसार हे नगर वसवलं पर्सियसनं. त्याचा नातू युरिस्थियस, हेराक्लीसला बारा कामांना जुंपणारा. पुढे हेराक्लीसच्या मुलांवर चालून जाताना त्यानं राज्य मामाच्या हवाली केलं. भाचा लढाईत पडला आणि मामा अ‍ॅट्रियस राजा झाला.

हे मामाचं घराणं मुळात परकं. त्याचे वडील पेलॉप्स आशिया मायनरमधून आलेले. ग्रीसमधल्या पिसा नगराच्या राजाची अट होती: रथाच्या शर्यतीत मला हरवा आणि मुलगी न्या, हरलात तर जीव द्या.

[दृश्य: रथाचं चाक, जवळून]

पेलॉप्सनं राजाचा सारथी मिर्टिलस फोडला. चाक निसटू नये म्हणून आसाला जी खीळ मारतात, ती काढून त्यानं मेणाची बसवली. रथ उधळला, मेण वितळलं, राजा फरफटत मेला. मग पेलॉप्सनं त्या सारथ्यालाच समुद्रात ढकललं. बुडता बुडता त्यानं पेलॉप्सच्या वंशाला शाप दिला.

शाप फळला. अ‍ॅट्रियसनं सख्ख्या भावाला, थायस्टीसला, जेवायला बोलावून त्याच्याच मुलांचं मांस वाढलं. होमर मात्र 'इलियड'मध्ये साळसूदपणे सांगतो, की अ‍ॅट्रियसनं मरताना राजदंड थायस्टीसला दिला आणि थायस्टीसनं पुतण्याला, अ‍ॅगमेम्नॉनला. भांडणाचा शब्द नाही! ट्रॉयच्या युद्धात तोच ग्रीकांचा सेनापती; भर सैन्यासमोर त्याची भाऊबंदकी कोण उगाळणार?

[दृश्य: स्पार्टाचं खोरं]

अ‍ॅगमेम्नॉनचा धाकटा भाऊ मेनेलॉस स्पार्टाचा राजा झाला तो हेलनशी लग्न करून, म्हणजे चक्क घरजावई. त्याला दासीपासून झालेले मुलगे होते, पण स्पार्टानं निवडलं अ‍ॅगमेम्नॉनच्या ऑरेस्टीसला. तो जुन्या राजाच्या मुलीचा मुलगा, शिवाय मेनेलॉसची लेक हर्मायनी त्याची बायको. वडिलांना आईनंच मारलं होतं; एव्हाना तिला मारून ऑरेस्टीसनं त्यांचा सूड घेतला होता. स्पार्टाला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

दोन्ही गाद्या मिळाल्या ऑरेस्टीसच्या मुलाला, टिसामेनसला. त्याला हुसकावलं हेराक्लीसच्या वंशजांनी. त्यांचं म्हणणं एकच: आम्ही पर्सियसच्या रक्ताचे, मामाचं घराणं उपरं. स्पार्टाचे पुढचे राजे आपलं कूळ याच हेराक्लीसपासून सांगत. इसवीसनपूर्व 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराण्यांशी लढताना पडलेला लिओनिडासही त्यांतलाच.