व्हॉट्सॲपवरचे नकोसे मेसेज: ब्लॉक करण्याआधी आणि केल्यानंतर

नमस्कार. सोसायटीच्या किंवा शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपला नंबर सर्वांना दिसतो, आणि त्यातलाच कुणीतरी ‘पर्सनलवर’ मेसेज पाठवू लागतो. ‘हाय’, ‘जेवण झालं का’ अशी सुरुवात होते आणि उत्तर दिले नाही तरी मेसेज येतच राहतात. स्त्रियांना हा त्रास विशेष होतो, आणि ‘रोज सोसायटीत भेटणारा माणूस आहे, त्याला काय वाटेल’ या संकोचापायी त्या तो सहन करतात. हा संकोच मनातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्लॉक केल्याची सूचना समोरच्याला जात नाही. त्याने पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक राहते, त्याचा कॉल लागत नाही, आपले ‘लास्ट सीन’ आणि स्टेटस त्याला दिसत नाही, आणि पुढे कधी अनब्लॉक केले तरी मधल्या काळातले मेसेज आपल्यापर्यंत येत नाहीत. मात्र दोघेही ज्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे त्याचे मेसेज आपल्याला आणि आपले त्याला दिसतच राहतात; तिथला उपाय ॲडमिनच्या हाती असतो. कुणीही परस्पर नव्या ग्रुपमध्ये ओढू नये म्हणून सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन ‘ग्रुप्स’समोर ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा.

ब्लॉक करण्यापूर्वी, नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. नंबर नावाने सेव्ह असेल, तर प्रोफाइल उघडून नंबरचाही स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर रिपोर्ट करा: त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात आणि ते त्या व्यक्तीला कळत नाही. हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण रिपोर्ट आणि ब्लॉक एकदम केल्यास फोनवरचे संभाषण पुसले जाऊ शकते आणि हातातला पुरावा जातो.

नोकरीचे किंवा गुंतवणुकीचे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी नंबरला तर एका शब्दाचेही उत्तर देऊ नका. ओळखीचा पुरुष एखाद्या स्त्रीच्या मागे लागला असेल, तर ‘मला यापुढे मेसेज करू नका’ असे तिने एकदा स्पष्ट लिहून तोही स्क्रीनशॉट ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा पाठलागाचा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो नवा नंबर घेऊन पुन्हा मेसेज करू लागला, तर त्या नंबरचेही स्क्रीनशॉट घ्या आणि सगळे एकत्र घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.