डॉक्टर हू : माझं रँकिंग, आणि 'सीझन वन' नावाची डोकेदुखी

नमस्कार मंडळी. पंखा बंद केलाय. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या लोकांनी लिहिलं होतं, 'दादा, तुझ्यापेक्षा पंखाच जास्त बोलतोय.' सोलापूर, एप्रिल महिना, दुपारचे अडीच. आता घाम दिसला तर त्यावर कमेंट करायची नाही. मागनं खटाखट ऐकू येईल ते शेजारचे यंत्रमाग. ते माझ्या सांगण्यानं बंद होत नसतात.

विषय तुमचाच आहे. दोन महिने झाले, एकच धोशा: डॉक्टर हूमधली लाडकी पात्रं सांग, लाडके सीझन सांग, नंबर लाव. लावतो की.

ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटात. बीबीसीची मालिका, पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. डॉक्टर हा परग्रहावरचा माणूस, दोन हृदयं असलेला. निळ्या पोलीस बॉक्समधून काळात हिंडतो. तो डबा बाहेरून कपाटाएवढा, आतून वाडा. डॉक्टर मरायला टेकला की नवा चेहरा घेऊन उठतो, म्हणून नट बदलत राहतात. सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचं कुणीतरी असतं. झालं. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही: तो पहिला भाग दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, आणि तेव्हा वय चोवीस. चोवीस! त्या वयात मी पुण्यात हॉस्टेलवर मॅगी करपवत होतो.

आता रँकिंगच्या आधी भांडण. नाही, हे ऐकावंच लागेल.

तुम्ही लिहिता, 'सीझन वन कितव्या नंबरला?' कुठला सीझन वन? १९६३ ला सुरू झाला तो एक. मग १९८९ ला मालिका बंद पडली, तोवर २६ सीझन झाले होते. २००५ ला परत आली, तेव्हा मोजणी पुन्हा एकपासून. तो दुसरा सीझन वन. मग २०२४ ला त्यांना काय सुचलं कोण जाणे, पुन्हा एकपासून! हा तिसरा. म्हणजे एकाच मालिकेचे तीन पहिले सीझन. आमच्या गल्लीत एका घरात तीन पिढ्यांत तीन सिद्धेश्वर आहेत, पण त्यांना निदान मोठा, मधला आणि धाकटा तरी म्हणतात.

त्यात भर अशी की ब्रिटिश माणूस २००५ नंतरच्या सीझनला 'सिरीज' म्हणतो. आपण अख्ख्या मालिकेला सिरीज म्हणतो. म्हणजे तिकडचा कुणी 'सिरीज फोर' म्हणाला की आपल्याला वाटतं, चौथी मालिका? अजून तीन आहेत की काय?

माझा मामेभाऊ पुण्यात असतो. त्याला फोनवर म्हणालो, 'डोळे झाकून सीझन फोर बघ.' माझ्या मनात २००८. आठ दिवसांनी त्याचा फोन. 'अरे, हे काय बघायला लावलंस बे? फोटो हलतच नाहीत!' पठ्ठ्यानं १९६६ चा सीझन फोर शोधून काढला होता. काळा-पांढरा. आणि त्या काळात बीबीसीनं जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळं त्या सीझनचे बहुतेक भाग आज नाहीतच. आवाज शिल्लक आहे, कारण तेव्हा काही चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. त्या आवाजावर चाहते स्थिरचित्रं लावतात. आमच्या भावानं असे तीन भाग पाहिले. मी सांगितलं म्हणून. मोबाईल बिघडला समजून दोनदा बंद-चालू पण केला.

अजून पटलं नाही? मी स्वतः एका ऑनलाइन दुकानातून डीव्हीडीचा संच मागवला. पाटी होती 'पहिला सीझन'. मला हवा होता १९६३ चा. आला २००५ चा, जो माझ्याकडं आधीच होता. तक्रार केली तर उत्तर आलं, 'सर, पहिलाच आहे.' खोटं कुठं बोलला तो? पैसे गेले ते गेलेच.

आणि आता नवीन. मागच्या आठवड्यात एकानं विचारलं, 'सीझन चौदा तुम्हाला का आवडत नाही?' मी कधी म्हणालो? मी म्हणालो होतो, २०२४ चा मला विस्कळीत वाटला. त्याला काही लोक चौदा म्हणतात, कारण २००५ पासून मोजलं तर तो चौदावा येतो. पण १९७६ ला सुरू झालेला सीझन चौदा वेगळाच आहे, टॉम बेकर डॉक्टर होता तेव्हाचा, आणि तो मला लई आवडतो! म्हणजे मला जे आवडतं त्याच्यावरून मी शिव्या खाल्ल्या. म्हणून साल सांगा. सीझन कुठल्या साली सुरू झाला तेवढं साल. नंबर नको.

टॉम बेकरचं नाव आलंच आहे तर. त्याचा तो लांबलचक मफलर, रंगीत पट्ट्यांचा, गुडघ्याखाली लोंबणारा. त्याची गोष्ट अशी की वेशभूषाकारानं विणणाऱ्या बाईंना, बेगोनिया पोप त्यांचं नाव, गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोकर दिली, आणि त्यांनी दिली तेवढी सगळी विणून टाकली. बेकरनं तो गळ्यात घातला आणि तोच ठरला. ही गोष्ट मी बाबांना सांगितली. बाबांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं, पट्ट्या मोजल्या. म्हणाले, 'हे सुयांवरचं काम आहे, मागावरचं न्हवं.' मग थोडं थांबून, 'सूत संपेपर्यंत विणली? आमच्या मुकादमानं हजेरी कापली असती.' एवढं बोलून फोन परत दिला. अख्ख्या मालिकेवर बाबांचं हे एकमेव मत आहे.

बरं, सीझन. मी तीनच लावतो.

तिसरा, १९७०. पहिल्यांदा रंगीत. पैसे कमी, म्हणून डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपार करून ठेवलं. परग्रह दाखवायचा खर्चच वाचला. चारच कथा, पंचवीस भाग. गती बैलगाडीची आहे, आधीच सांगतो. पण गरिबीत केलेला स्वयंपाक कधीकधी जमून जातो, तसं झालंय.

दुसरा, २०१५. यात एक भाग आहे, जवळजवळ अख्खा भाग पीटर कपाल्डी, म्हणजे तेव्हाचा डॉक्टर, एकटा. हिऱ्याहून कठीण भिंतीवर माणूस बुक्क्या मारत राहतो, पुढचं सांगत नाही. बाकी सीझन थोडा वर-खाली आहे. त्या एका भागासाठी दुसरा नंबर.

पहिला, २००८. चौथा म्हणू नका! डॉना नोबल, म्हणजे कॅथरीन टेट. डॉक्टरच्या प्रेमात न पडणारी, त्याला 'गप बस' म्हणणारी बाई. त्यात तो 'मिडनाईट' नावाचा भाग. एका बंद गाडीत मूठभर प्रवासी, बाहेर काहीतरी दार ठोठावतंय, मग एक बाई समोरच्याचं प्रत्येक वाक्य त्याच्यामागून म्हणायला लागते. राक्षस दिसत नाही, रक्त नाही. भीती कशाची, तर भल्या माणसांची. पाव तासात सगळे मिळून एकाला बाहेर फेकायला निघतात. रात्रीच्या एसटीत घाटात गाडी बंद पडली की कंडक्टरवर कसे तुटून पडतात, बघितलंय ना? तेच. गंमत म्हणजे या भागात डॉना जवळजवळ नाही आणि पुढच्या भागात डॉक्टर जवळजवळ नाही, कारण वेळ वाचवायला दोन्हींचं शूटिंग एकाच वेळी चाललं होतं.

'दादा, २०१८ का नाही?' येणारच हा प्रश्न. सीझन म्हणून मला तो जमला नाही. पण त्यातला फाळणीचा भाग, १९४७ चा पंजाब, डॉक्टरच्या सोबत हिंडणाऱ्या यास्मिनच्या नानीचं लग्न, विनय पटेल यांनी लिहिलेला, तो बघाच. तिथं डॉक्टर इतिहास बदलत नाही, बदलू शकत नाही. आमच्याकडं आईनं तो माझ्या मागे उभं राहून पाहिला. हातात लाटणं तसंच.

आता पात्रं. ब्रिगेडियर पाचवा: परग्रहवासी समोर असले तरी मिशीचा केस न हलवणारा लष्करी गडी. मिसी चौथी: डॉक्टरची जुनी मैत्रीण आणि जुनी वैरीणही. सारा जेन तिसरी, डॉक्टरची जुनी सोबतीण. एलिझाबेथ स्लेडननं सत्तरच्या दशकात केलेलं पात्र २००६ ला परत आलं आणि तीस वर्षं कुणाची वाट बघणं म्हणजे काय, ते एका भागात दाखवून गेलं. डॉना दुसरी.

'आणि डॉक्टर कुठाय?' डॉक्टर या यादीतच नाही. नवरदेवाला वऱ्हाडात मोजतात का?

पहिला विल्फ. डॉनाचा आजोबा. हो, हसा. खरं तर हे पात्र असं ठरलेलंच नव्हतं. २००७ च्या नाताळच्या भागात बर्नार्ड क्रिबिन्स एका पेपरवाल्याच्या छोट्या भूमिकेत होते. डॉनाच्या वडलांचं काम करणारे हॉवर्ड ॲटफिल्ड पुढच्या सीझनचं शूटिंग चालू असतानाच वारले, आणि त्या रिकाम्या जागी या पेपरवाल्याला तिचा आजोबा करून आणलं.

विल्फ रात्री टेकडीवर थर्मास आणि दुर्बीण घेऊन बसतो. पहिल्यांदा तो प्रसंग पाहिला तेव्हा मी व्हिडिओ थांबवला होता. माझे आजोबा मिलमध्ये होते. मे महिन्यात गच्चीवर पाणी मारायचं, फरशी चर्र करायची, मग चादरी पसरायच्या. दुर्बीण कुठली, ते बोटानंच दाखवायचे. 'ती विंचवाची नांगी. ते सप्तर्षी.' मिलचा भोंगा झाला की त्यांचं बोट तिथंच थांबायचं, जणू हजेरी लावायची राहिलीय. मिल बंद पडून वर्षं झाली तरी ते त्या वेळेला थांबायचे. भोंगा नसतानाही.

आता पुढचं ज्यांना कळायला नको त्यांनी एक मिनिट पुढं जा. डॉक्टरला सांगितलेलं असतं, तुझा मृत्यू येईल तेव्हा 'तो' चार वेळा ठोठावेल. आपण मोठमोठे खलनायक धरून बसतो. सगळं निभावतं, डॉक्टर जिवंत असतो, हसतो. आणि काचेवर हळूच टकटक होते. चार वेळा. विल्फ. एका कामगाराला सोडवायला तो काचेच्या खोलीत शिरलेला आणि आता अडकलेला. तो स्वतः म्हणतो, मला राहू दे, मी म्हातारा झालो. डॉक्टर आधी चिडतो, हातपाय आपटतो, आणि मग जातो. बघा ते. डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटचं रडणं सगळ्यांना आठवतं, मला काचेमागची विल्फची टोपी आठवते.

क्रिबिन्स २०२२ मध्ये गेले. त्याआधी चित्रित झालेला त्यांचा शेवटचा प्रसंग २०२३ मध्ये दाखवला. खुर्चीत बसलेले, आणि डॉक्टर दिसल्याबरोबर चेहरा असा फुललेला.

बास, शर्ट पाठीला चिकटलाय, पंखा लावतो. तुमची यादी खाली लिहा, भांडा, मजा करा. फक्त सालाचे चार आकडे टाका. 'सीझन वन' असं नुसतं लिहिलेलं दिसलं की मी मामेभावाचा नंबर देणार, त्याच्याशी बोला.