पाण्याचा थेंब आणि रिकामा तवा

नमस्कार, श्रोते हो.

आमच्या समोरच्या घरातल्या सूनबाईंनी मागच्या महिन्यात ट्रायप्लायची, म्हणजे तीन थरांची स्टीलची, नवी कोरी कढई आणली. पहिल्याच दिवशी बटाट्याच्या काचऱ्या केल्या आणि अर्ध्या काचऱ्या बुडाला चिकटल्या. कढई घेऊन माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "काकू, महागाची आणली आणि फसले हो!" कढईचा दोष नव्हता. नॉनस्टिकची सवय झालेल्या हातानं त्यांनी गार कढईत तेल ओतलं, लगेच बटाटा टाकला आणि लगेच उलथणं चालवलं.

स्टीलला आधी तापू द्यावं लागतं. मध्यम आचेवर रिकामी कढई ठेवा आणि हातानं पाण्याचा थेंब उडवा. चुर्र होऊन त्याची वाफ झाली तर अजून थांबा. थेंब फुटण्याऐवजी मोत्यासारखा गोल होऊन टुणटुण पळायला लागला, की कढई तापली. पाणी पुसा, आच कमी करा, तेल घाला, मोहरी तडतडू द्या आणि मग काचऱ्या टाका. सुरुवातीला त्या बुडाला धरतातच. तेव्हा खरवडायला जाऊ नका. खालची बाजू खरपूस झाली की त्या आपणहून सुटतात. एवढा दम धरणं मात्र जमलं पाहिजे.

नॉनस्टिकचं नेमकं उलटं. ते रिकामं तापवायचंच नाही. त्यावरचा थर बहुधा टेफ्लॉनचा असतो. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ शीतकरणासाठी नवा वायू शोधत होता. एका सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरलेल्या सिलिंडरचं! कापून बघितलं तर आत पांढरी मेणचट पूड. तेच हे टेफ्लॉन. त्याला काही चिकटत नाही, पण २६० अंश सेल्सियसच्या पुढे ते खराब व्हायला लागतं आणि आणखी तापलं तर विषारी वाफा सोडतं. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोचतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड्‌स असतील तर ही गोष्ट गंभीरपणे घ्या, या वाफांनी पक्षी दगावतात. म्हणून नॉनस्टिकवर आधी तेलाचं बोट फिरवायचं, मग गॅस पेटवायचा. घावन, धिरडी, आंबोळ्या यांना ते उत्तम. धुरावलेल्या तेलाची फोडणी त्यात नको. आणि थालीपीठ, माझं मत विचाराल तर, लोखंडी तव्यावरच!

आता खरेदीचं. दुकानदार लोहचुंबक काढतो आणि सांगतो, "बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४." यावर विसंबू नका. ३०४ ही स्टीलची एक प्रत, तिच्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ या प्रतीच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, पण चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट इंडक्शनच्या चांगल्या भांड्याच्या बुडाला तो चिकटलाच पाहिजे, नाहीतर ते तापणारच नाही. चुंबकानं एवढंच कळतं. त्यापेक्षा आयएसआय चिन्ह बघा, बूड हातात धरून जाडी बघा. नुसत्या स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही, म्हणून पातळ बुडाच्या पातेल्यात दूध हमखास लागतं. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम असतं, ते उष्णता सगळीकडे पोचवतं.

स्टीलला गंज चढत नाही तो क्रोमियममुळे वर धरणाऱ्या अगदी पातळ पापुद्र्यामुळे. गार पाण्यात मीठ टाकून ते तळाशी बसू दिलंत, तर या पापुद्र्याला बारीक खड्डे पडतात. म्हणून मीठ उकळी आल्यावर घालून ढवळा. निळसर-जांभळी झाक आली तर घाबरू नका, व्हिनेगर किंवा लिंबाची फोड चोळा. करपलं तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून उकळा, मग घासा.

नॉनस्टिकला तारेची घासणी लावू नका, स्टीलचा डाव नको, आणि तापलेला तवा नळाखाली धरू नका. एकावर एक रचताना मध्ये जुन्या धोतराचा तुकडा घाला. थराचा एखादा कण पोटात गेलाच तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. पण थर सोलवटू लागला, की तो तवा मोडीत काढायचा.

माझ्या माळ्यावर सासूबाईंचं नाव घातलेलं स्टीलचं पातेलं आहे, अजून दिवाळीत चिवड्याला खाली उतरतं. नॉनस्टिकच्या तव्यावर कुणी नाव घालून घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सूनबाईंची कढई सोड्याच्या पाण्यानं लख्ख झाली. परवा काचऱ्यांची वाटी आली आमच्याकडे. मीठ जरा जास्त होतं.

नमस्कार.