शॉवरची चकती काढायच्या आधी बादली आणा

आधी हे बघा. (हातात प्लॅस्टिकची चकती.) दिसतेय? थांबा, फोकस जातोय... हां. एवढीशी चकती, मध्ये भोक. गेल्या दोन महिन्यांत हिच्यावरून मला जेवढे मेसेज आलेत तेवढे माझ्या लग्नाच्या फोटोंवरही आले नव्हते.

कारण ते रील. शॉवर उघडायचा, चकती काढून फेकायची, पुन्हा बसवायचा, की धबधबा! सगळ्यांनी बघितलंय. एकजण विचारतोय, "दादा, आमच्या शॉवरमध्ये चकतीच नाहीये, आता काय काढू?" काही काढू नकोस बाबा. आणि दुसऱ्यानं चकतीसोबत रबरी वायसरही फेकून दिला. आता त्याच्याकडे वरून गळतंय आणि खालून येत नाहीये.

तर ही गंमत मुळात तिकडची आहे. अमेरिकेत 1992 साली कायदा झाला, की शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरपेक्षा जास्त पाणी येता कामा नये. हे मोजायचं कितीच्या प्रेशरला? 80 पीएसआय, हे तिकडचं प्रेशरचं माप. म्हणजे आपल्या दुकानातल्या भाषेत साडेपाच किलोच्या वर, दर चौरस सेंटीमीटरला! तिकडे घराघरात तीन-चार किलोनं पाणी येतं, म्हणून ते अडवायला चकती. न्यू जर्सीच्या एक ताई आपले व्हिडिओ बघतात, त्यांनी हौसेनं चकती काढली. आता म्हणतात, पाणी टोचतं.

आणि आपल्याकडे? मी राहतो शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर गच्ची, गच्चीवर टाकी. टाकीतल्या पाण्यापासून माझ्या शॉवरपर्यंतचं अंतर जेमतेम तीन मीटर. दहा मीटर उभं पाणी म्हणजे एक किलो प्रेशर. मग तीन मीटरचे किती? 0.3. साडेपाच कुठे आणि 0.3 कुठे. पोलिसांनी अडवलेली गर्दी आणि रविवारी दुपारी आमच्या गल्लीतली गर्दी, एवढा फरक आहे. तिथं बॅरिकेड काढून काय होणार?

माझ्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं, तेवीस वर्षं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "जास्त प्रेशरवाला शॉवर द्या." बाबा विचारायचे, "कितव्या मजल्यावर राहता?" गिऱ्हाईक चिडायचं. त्याला वाटायचं, याला काय करायच्यात चौकशा. पण मुद्दा तोच आहे. शॉवर प्रेशर देत नाही. प्रेशर देते उंची. शॉवर ते फक्त खर्च करतो, नाहीतर अडवतो.

"टाकी हजारची दोन हजारची केली तर प्रेशर वाढेल का?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. नाही वाढत. रुंदीनं नाही, उंचीनं वाढतं. चारमजली इमारतीत तळमजल्यावरच्या काकूंना दीड किलो मिळतं, मला 0.3, टाकी तीच. आणि शेवटच्या मजल्यावरच्या लोकांनी एक गोष्ट बघितली असेल, सकाळी सहाला आंघोळ केली तर शॉवर बरा चालतो, दहाला केली तर रडतो. टाकीतलं पाणी मीटरभर उतरलं की 0.1 किलो गेलं. काकूंना कळतही नाही, पण माझ्या तीनातला एक गेला! स्टँड उंच करून घ्यायचा विचार असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन आहे, गच्चीवर.

बरं. आता काम.

एक बादली आणा. वीस लिटरची, खूण असलेली. नसेल तर लिटरच्या बाटलीनं मोजून खूण करा, पाच मिनिटांचं काम. शॉवरखाली ठेवा, गार पाण्याचा कॉक पूर्ण सोडा, मोबाईलवर वेळ लावा. माझ्याकडे आज सकाळी किती लागली? चार मिनिटं. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. वाईट आहे.

आता शॉवर काढायचा. आणि इथे, मंडळी, इथे थांबा. व्हिडिओ पुढे पळवू नका.

दांडी धरा.

भिंतीतून जो वाकडा पाईप बाहेर येतो ना, ज्याला शॉवर लटकतो, ती दांडी. डाव्या हातानं ती घट्ट धरायची. उजव्या हातात पान्हा, नटाला फडकं गुंडाळायचं म्हणजे क्रोम खरचटत नाही, आणि शॉवरच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या उलट फिरवायचं. फिरला पाहिजे फक्त नट. दांडी जागची हलता कामा नये. का, ते दाखवतो.

(कॅमेरा भिंतीकडे.) ही फरशी बघा. सगळ्या फिकट निळ्या, ही एक पांढरी. ही माझी कर्तबगारी. सहा वर्षांपूर्वी, नवीन घर, मी हार्डवेअरवाल्याचा मुलगा, मला कोण शिकवणार? दोन्ही हातांनी पान्हा धरला आणि झटका दिला. नट जाम होता, क्षारानं धरलेला. तो हललाच नाही. त्याच्याबरोबर सगळी दांडीच फिरली, भिंतीच्या आत "कट्ट" झालं. बारीक आवाज, सुपारी फोडल्यासारखा. मी म्हटलं, वा, सुटला! दांडी परत सरळ केली, पाणी सोडलं, थेंबसुद्धा बाहेर नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या बेडरूमच्या भिंतीवर ओल. हाताएवढी, मग ताटाएवढी. आत निपल, म्हणजे दांडी भिंतीतल्या पाईपला जोडणारा छोटा तुकडा, तडकली होती. फरशी फोडा, निपल बदला, सिमेंट, आणि मग कळलं की ती निळी फरशी बाजारात यायची बंद झालीय. आई अजून पाहुण्यांना दाखवते.

मागच्या व्हिडिओत मी हे सांगितलं, तर एकानं लिहिलं, "उगाच घाबरवताय, माझी दांडी फिरली, काही झालं नाही." अरे, तुझं नशीब. कदाचित झालंही असेल, भिंत अजून बोलली नसेल. भिंतीतलं गळणं बाथरूममध्ये दिसत नाही, पलीकडच्या खोलीत दिसतं. पलीकडे शेजारी असेल तर त्याच्याकडे दिसतं, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये दिसतं.

आणि प्लंबर बोलावलात तरी बघा तो काय करतो. चांगला कारागीर न सांगता एक हात दांडीवर ठेवतो. नाही ठेवला तर म्हणा, "दादा, दांडी धरा." रागावला तर रागावू दे. नट जामच असेल तर त्याच्याशी भांडू नका, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर त्याच्याभोवती बांधून ठेवा, क्षार सैल होतात. बाहेरचे आटे अर्धा इंची असतात, पुन्हा कुठेही मिळतील. आतली निपल नाही मिळत, म्हणजे मिळते, पण फरशी फोडून.

झालं, शॉवर निघाला. आता नुसती दांडी उरलीय. हिच्याखाली बादली ठेवून परत वेळ लावा. चाचणी हीच आहे, बाकी सगळा पसारा. माझ्याकडे दोन मिनिटं लागली. म्हणजे पाईपमधून मिनिटाला दहा लिटर येतायत आणि शॉवर त्यातले निम्मे अडवतोय. चोर सापडला.

पण समजा नुसत्या दांडीतूनही तीन-पावणेचार मिनिटं लागली, तर? तर शॉवरला हात लावू नका. नवीन आणू नका. दोष मागे आहे. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बघा, टाकी धुणारी माणसं अर्धा बंद करतात आणि तसाच सोडून जातात. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर त्याचं चाक मोकळं फिरतं, आपल्याला वाटतं उघडला, आतली पट्टी मात्र तुटून खालीच बसलेली असते. माझ्या एका मित्रानं महागातला शॉवर आणून बसवला, मग दुसरा आणला, आणि शेवटी दोष निघाला तिथे. टाकी धुतल्यानंतरच पाणी कमी झालं असेल तर लाईनमध्ये हवाही अडकलेली असू शकते, खालच्या मजल्यापासून नळ सोडत वर या. गार नीट येतं आणि फक्त गरम बारीक, तर गिझरच्या खालचा अँगल कॉक आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, हे बघा. तिथला सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र काढून टाकायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि पालिकेच्या लाईनीला थेट मोटर लावायची आयडिया ज्यांनी कमेंटमध्ये दिलीय, त्यांची कमेंट मी काढून टाकली. ते बेकायदा आहे, आणि मोटर लाईन ओढते तेव्हा शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच, पाईपला कुठे चीर असेल तर बाहेरचं गटारही ओढते. बूस्टर लावायचाच तर आपल्या टाकीच्या पुढे.

आता शॉवर. (शॉवर पालथा करून.) आत डोकावा. आधी रबरी वायसर, मग जाळी, मग असली तर चकती. टूथपिकनं अलगद. माझ्या जाळीत काय निघालं बघा: वाळू, टेफ्लॉनचा चिंधोटा, आणि हा पांढरा चुरा. आमच्याकडे मार्चपासून टँकर असतो, बोअरचं पाणी, हा त्याचाच प्रसाद. चकती साधी एका भोकाची असेल आणि तुम्ही माझ्यासारखे 0.3 वाले असाल, तर काढा, थोडा फरक पडेल. पण आत रबरी रिंग असलेली, फुलासारखी चकती असेल, तर ती कमी प्रेशरला तशीही मोकळीच असते. जास्त प्रेशर आलं की रिंग दबून वाट अरुंद करते. ती काढून हाती काही लागत नाही. वायसर परत बसवायचा! वायसर!

तोंडाची भोकं बघा. चौसष्टांपैकी सव्वीस बंद, मी मोजली. रबरी टोकं असतील तर अंगठ्यानं चोळा, पापुद्रे पडतात. नाहीतर चायनीजवर टाकतो तो पांढरा व्हिनेगर, किंवा कोमट पाण्यात लिंबाचं सत्व, लिटरला दोन चमचे. त्यात शॉवर अर्धा-पाऊण तास बुडवा. बारीक बुडबुडे येतात ना, तो थर विरघळतोय. काळा किंवा सोनेरी शॉवर असेल तर दहा मिनिटांत काढा, रंग जातो. संडास साफ करायचं ॲसिड? नाही. बाबांच्या दुकानात लोक काळे पडलेले शॉवर घेऊन यायचे आणि म्हणायचे, "क्वालिटी खराब निघाली."

एक सांगायचं राहिलं. आठ इंची तो ताटासारखा शॉवर, हॉटेलात बघून घेतलेला. चार इंचीच्या चौपट त्याचं क्षेत्रफळ. पाणी तेवढंच, भोकं चौपट. अंगावर नुसता शिडकावा. शेवटच्या मजल्यावर तो लावायचा असेल तर खाली बादलीही ठेवा, आंघोळीला. लहान तोंड, कमी भोकं, तेच आपल्याला बरं.

बसवताना टेफ्लॉनची टेप दांडीच्या आट्यांवर, आट्यांच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या दिशेनं. उलट गुंडाळली तर नट चढताना ती उलगडत जाते. जुन्या टेपचा चुरा आधी काढा, नाहीतर तोच पुन्हा जाळीत. आधी हातानं घट्ट, मग पान्ह्यानं पाव फेरा. आणि डावा हात कुठे? बरोबर.

चला, लावतो वेळ. (बादली खाली.) गार, पूर्ण सोडला... आवाजच बदलला बघा. मघाशी भुरभुर होती.

दोन मिनिटं पस्तीस सेकंद. मिनिटाला पावणेआठ लिटर. चारावरून इथे आलो, खर्च व्हिनेगरची अर्धी बाटली आणि टेपचा एक रोल. दोन मिनिटांवर मात्र येणार नाही, भोकांतून जायचं म्हणजे थोडं अडणारच.

(बाहेरून आवाज.) हो आई, ओतत नाहीये, कुंड्यांना घालतोय! तीन बादल्या झाल्यात चाचणीच्या, आणि आज टँकर आलेला नाही. जातो मी. तुमची बादली किती वेळात भरली ते लिहा, शॉवर लावून आणि काढून, दोन्ही आकडे. आणि मजला.