पाणी गेलं कुठे? यॉर्कशायर डेल्सच्या चुनखडीत भटकंती

हा जो कडा आता स्क्रीनवर दिसतोय ना, तो धबधबा आहे. फक्त त्यात पाणी नाहीये.

याचं नाव मॅलहम कोव्ह, इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर डेल्स नॅशनल पार्कमध्ये. साधारण 80 मीटर उंच, 300 मीटर रुंद, आतल्या बाजूला वळलेला पांढुरका कातळ, आणि खाली पायथ्याशी बघा, एक ओढा अगदी गुपचूप दगडाखालून बाहेर पडतोय जणू त्याचा या कड्याशी काही संबंधच नाही. वर दोरावर लटकलेले ते दोन ठिपके म्हणजे क्लायंबर, हा कडा त्यांच्यात खूप फेमस आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथे बहिरी ससाण्यांची घरटी असतात, मग पक्षीवाले लोक खाली दुर्बिणी लावून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने बघायला देतात.

शेवटचं हिमयुग संपत आलं, म्हणजे साधारण 12 हजार वर्षांपूर्वी, तेव्हा वितळणाऱ्या बर्फाचं पाणी या कड्यावरून धबाधबा कोसळत होतं. जमीन गोठलेली, कातळातल्या भेगा बर्फाने बुजलेल्या, त्यामुळे पाण्याला खाली मुरायला वावच नव्हता, ते वरूनच वाहायचं. मग हवा तापली, भेगांमधला बर्फ सुटला आणि पाणी गेलं आत. तेव्हापासून कडा कोरडा. म्हणजे कोरडाच म्हणायचा, पण 6 डिसेंबर 2015 ला डेस्मंड वादळाने इतका पाऊस पाडला की जमिनीखालच्या वाटा तुडुंब भरल्या आणि कोव्हच्या माथ्यावरून पुन्हा पाणी पडलं! जिवंत माणसांपैकी कोणीच हे आधी बघितलेलं नव्हतं. थोडे तास चाललं ते, पण तेवढ्या वेळापुरता हा इंग्लंडमधला जमिनीवरचा सगळ्यात उंच सलग धबधबा होता.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाचं गणित इथे पार चुकतं. आपल्याकडे बेसॉल्ट, काळा कातळ, पाऊस पडला की पाणी वरून खाली येणार, जितका डोंगर उंच तितका धबधबा मोठा, विषय संपला. इथे डोंगर आहे, पाऊस तर वर्षभर आहे, आणि डोंगरावर चालताना मात्र ओढे सापडत नाहीत. कारण इथला दगड चुनखडी आहे आणि तो पाण्यात विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि ते चुनखडीच्या सांध्यांमधून उतरताना दगड खात खात जातं, हळूहळू, हजारो वर्षं. त्यामुळे या भागात फिरताना धबधबा कुठे आहे यापेक्षा पाणी कुठे गेलं हे विचारलेलं बरं, ते कळलं की बाकी सगळं आपोआप समजत जातं.

कोव्हच्या डाव्या बाजूने दगडी पायऱ्या आहेत, 400 च्या आसपास, चढून वर या. आणि हे बघा.

ही लाद्यांची फरशी कोणी बसवलेली नाही. हिमनदीने वरची माती खरवडून नेली, खालचा चुनखडीचा थर उघडा पडला आणि त्याचे सांधे पाण्याने रुंद केले. लाद्यांना इथले लोक क्लिंट म्हणतात, मधल्या भेगांना ग्राइक. काही भेगा गुडघाभर, काही कमरेपर्यंत, पावसात दगड इतका गुळगुळीत होतो की सेल्फी काढता काढता घोटा मुरगळणं अगदी सोपं आहे, तेव्हा फोन खिशात ठेवा आणि खाली बघून चाला. खाली बघण्यासारखंही खूप आहे. वरचं सगळं गवत मेंढ्या खाऊन टाकतात, पण भेगेत त्यांचं तोंड पोचत नाही, वारा पोचत नाही, आत सावली आणि ओल, त्यामुळे तिथे लांब जिभेसारख्या पानांचे नेचे आणि एरवी जंगलात दिसणारी रोपं मजेत वाढतात. ओसाड दगडाच्या पोटात आख्खं जंगल. एकेकाळी या लाद्या लोक उपटून बागेतल्या रॉकरीसाठी विकायचे, नंतर 1981 च्या वन्यजीव कायद्याने अशा जागांना संरक्षण मिळालं, ते बरं झालं नाहीतर आज इथे काही उरलंच नसतं.

इथून उत्तरेला कोरड्या दरीतून वर चालत गेलं की मॅलहम टार्न लागतं, 377 मीटर उंचीवरचा तलाव. चुनखडीच्या प्रदेशात तलाव कसा काय टिकला? कारण त्याच्या बुडाशी चुनखडी नाहीये, जुनी पाटीच्या दगडाची जात आहे, पाणी धरून ठेवणारी. तलावातून ओढा निघतो, थोडं अंतर वाहतो, चुनखडीची हद्द लागली की दगडगोट्यांमध्ये शिरतो आणि संपतो. मोठं भोक वगैरे काही नाही, पाणी कमी कमी होत जातं आणि मग नसतंच. नकाशावर त्या जागेचं नाव सरळ वॉटर सिंक्स असं छापलंय.

आता कोणालाही वाटेल की हेच पाणी खाली कोव्हच्या पायथ्याशी निघत असणार. लोकांनाही तसंच वाटायचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अभ्यासकांनी पाण्यात रंग आणि मीठ टाकून बघितलं, आणि तलावाचं पाणी मुख्यतः निघालं कोव्हच्याही पुढे, मॅलहम गावाच्या खालच्या अंगाला, एअरहेड नावाच्या झऱ्यांमध्ये! कोव्हखालचा ओढा येतो तो जास्त करून पश्चिमेकडच्या दुसऱ्याच एका जागी मुरलेल्या पाण्यातून. दोन प्रवाह जमिनीखाली एकमेकांना ओलांडून जातात म्हणजे, फ्लायओव्हरसारखे. हे सगळं पाणी मिळून जी एअर नदी होते ती पुढे लीड्स शहरातून वाहते, तिथे ऑफिसला जाताना रोज ती ओलांडणारी बरीच मराठी मंडळी आहेत, त्यांनी एकदा येऊन तिचं उगमाचं हे नाटक बघायलाच पाहिजे.

मॅलहमच्या पूर्वेला, अर्ध्या दिवसात आरामात होईल अशा वाटेवर, अजून दोन जागा आहेत. पहिली जॅनेट्स फॉस. छोटासा धबधबा, गर्द झाडी, मे महिन्यात रानलसणाचा वास सगळीकडे, आणि समोर हिरवा डोह. जॅनेट ही इथल्या पऱ्यांची राणी, ती या धबधब्यामागच्या गुहेत राहते अशी गोष्ट सांगतात. पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या याच डोहात धुवायचे, पऱ्यांना ते कितपत आवडायचं माहीत नाही. पण धबधब्याच्या मागचा तो फुगीर, शेवाळलेला पडदा नीट बघा. बाकी ठिकाणी पाणी दगड खातं, इथे ते दगड बनवतंय. वरून विरघळवून आणलेला चुना उघड्यावर आल्यावर शेवाळावर साचत जातो, त्याला टूफा म्हणतात, आणि तो हाताने तुटेल इतका नाजूक असतो म्हणून त्यावर चढू नका, प्लीज.

दुसरी जागा गॉर्डेल स्कार. सुरुवातीला वाटतं काय, एक कुरण आहे, मेंढ्या आहेत. मग एका वळणावर दोन्ही बाजूचे कडे अचानक जवळ येतात, 100 मीटरच्या आसपास उंच, माथ्याकडे पुढे झुकलेले, आणि त्या घळीत एकावर एक दोन धबधबे. जेम्स वॉर्डने 1812 ते 14 या काळात याचं चित्र काढलं, ते आता लंडनला टेट कलासंग्रहालयाकडे आहे, तीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद कॅनव्हास. इतकं मोठं चित्र काढूनही त्याला कडे अजून उंच दाखवावेसे वाटले, मला त्यात काही चुकीचं वाटत नाही, खाली उभं राहिलं की ते तसेच वाटतात. खालच्या धबधब्याच्या बाजूने कातळ चढून पुढे जाता येतं, अधिकृत वाट आहे ती, पण पाणी वाढलेलं असेल तर नाद सोडा.

आता पश्चिमेकडे, इंगल्टन गावाला. इथली धबधब्यांची वाट 1885 मध्ये तिकीट लावून सुरू झाली, तिकीट आजही आहे. दोन नद्या, ओकची झाडी, एकामागून एक धबधबे, आणि त्यातला थॉर्नटन फोर्स दिसायला 14 मीटरचाच. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. पण पाण्याच्या बाजूचा कातळ बघा, वरचा भाग आडव्या थरांचा, ती चुनखडी, 33 कोटी वर्षांच्या आसपासची, हा भाग विषुववृत्ताजवळच्या उथळ समुद्राखाली होता तेव्हाची. खालचे थर मात्र जवळपास उभे, आणि ते त्याहून 10 कोटी वर्षांहून जास्त जुने. मधली सगळी वर्षं गायब! म्हणजे त्या काळात जुने थर मुडपले, उभे झाले, डोंगर झिजून सपाट झाले आणि मग त्यावर समुद्र आला. दोन्हीच्या मधल्या त्या रेषेवर हात ठेवता येतो, यापेक्षा स्वस्त टाइम ट्रॅव्हल मिळणार नाही.

आणि शेवटी इंगलबरो, 723 मीटर, सपाट माथ्याचा डोंगर. पेन-ई-गेंट आणि व्हर्नसाइड धरून तिन्ही शिखरं 12 तासांच्या आत करायची असा इथे चॅलेंज आहे, साधारण 38 किलोमीटर, उत्साही लोकांनी जरूर करावा. मला मात्र डोंगराच्या वर जे आहे त्यापेक्षा आत जे आहे त्यात जास्त रस आहे.

उतारावरून फेल बेक नावाचा ओढा येतो आणि कुंपण घातलेल्या एका भगदाडात पडतो. गेपिंग गिल. 98 मीटर सरळ खाली! वरून बघितलं तर काळोख आणि आवाज, बाकी काही नाही. 1842 मध्ये जॉन बर्कबेकने ओढ्याचं पाणी चर खणून वळवलं आणि दोराने उतरायचा प्रयत्न केला, तो मध्यावरच्या एका कंगोऱ्यापर्यंत पोचला. तळाला पहिल्यांदा पोचला तो फ्रेंच गुहासंशोधक एदुआर्द मार्तेल, ऑगस्ट 1895 मध्ये, दोराच्या शिडीवरून, अंगावर गार पाणी पडत असताना. यॉर्कशायरच्या लोकांना आपलं भोक फ्रेंच माणसाने आधी बघितलं हे काही फार गोड लागलं नसणार.

आज तुम्हीआम्हीही जाऊ शकतो. मे अखेरीला आणि ऑगस्टमध्ये इथले गुहावाले क्लब भगदाडावर विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र लावतात, एका खुर्चीत बसवून मिनिटभरात खाली सोडतात. खाली जाणं फुकट, पैसे वर येण्याचे, हा इथला जुना विनोद. खाली 129 मीटर लांब दालन, दिव्यांच्या उजेडात वरून येणारं पाणी तुटून तुटून पडताना दिसतं आणि तळाच्या दगडगोट्यांमध्ये परत गडप होतं.

ते जातं कुठे? डोंगराखालून क्लॅपहॅमच्या दिशेने, इंगलबरो केव्हजवळ बाहेर येतं. ही गुहा 1837 मध्ये लोकांनी आतला चुन्याचा नैसर्गिक बांध फोडून उघडली, साठलेलं पाणी काढून दिलं आणि आत चालत गेले. पण वरच्या भगदाडापासून या गुहेपर्यंत माणूस आतून जाऊ शकतो हे सिद्ध व्हायला 1983 उजाडलं, गुहांमधल्या डायव्हर लोकांनी पाण्यात बुडालेल्या बोगद्यांमधून तो जोड पूर्ण केला. तिथून हा ओढा वेनिंग नदीला मिळतो, वेनिंग लूनला, आणि लून लँकेस्टरवरून आयरिश समुद्रात जाते. मॅलहमचं पाणी गेलं होतं पूर्वेला, उत्तर समुद्राकडे.

विंचसाठी यायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी पहाटे निघा. क्लॅपहॅम गावातून चढून यायला दीड-दोन तास लागतात, वर रांग असते, आणि जोरात पाऊस लागला तर विंच बंद ठेवतात. जॅकेट घ्या, कपड्यांचा जास्तीचा जोड घ्या, खाली गेल्यावर तुम्ही ओले होणार हे नक्की.