व्हेनिसची घराणी

नमस्कार, श्रोतेहो. गादीवर वंशपरंपरेचा राजा नाही, तरीही दीड-दोनशे घराण्यांनी पाचशे वर्षं आपल्या मुठीत ठेवलेलं शहर म्हणजे व्हेनिस. ही मंडळी मिरी, मीठ, रेशीम यांच्या व्यापारावर गब्बर झालेली. 1297 मध्ये त्यांनी महापरिषदेची, म्हणजे राज्यकारभाराच्या मुख्य सभेची, दारं नवख्यांना जवळजवळ बंद केली. पुढे सदस्यत्व वतनासारखं बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. 1506 पासून तर उमराव घरातल्या मुलांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली. त्या वहीत नाव नसेल, तर तिजोरी कितीही भरलेली असो, परिषदेत जागा नाही.

पण खरी गंमत आहे ती आत बसलेल्यांची. त्यांना धास्ती होती ती एकमेकांची! आपल्यातलाच एखादा राजा होऊन बसला तर? म्हणून राज्याचा प्रमुख, म्हणजे डोज, निवडायची रीत 1268 मध्ये अशी काही ठरवली की डोकं गरगरावं. सोडत काढून 30 जण घ्यायचे, त्यांतून सोडतीनेच 9 ठेवायचे. त्या नवांनी 40 निवडायचे, त्यांतले पुन्हा सोडतीने 12 उरायचे... असं करत करत शेवटी 41 जण डोज निवडणार. सोडत काढायला कोण? बाहेर चौकात भेटलेलं एखादं पोर! इतकं करून निवडलेल्या डोजला सरकारी टपालसुद्धा एकट्याने उघडायची मुभा नव्हती. मारिनो फालिएर या डोजने सत्ता बळकावण्याचा कट केला, तर 1355 मध्ये त्याचं शीर उडवलं. महापरिषदेच्या दालनात डोजांच्या चित्रांची रांग आहे. तिथे त्याच्या जागी आजही नुसता काळा पडदा रंगवलेला दिसतो.

दार मात्र पैशापुढे किलकिलं व्हायचं. जेनोआ या प्रतिस्पर्धी शहराशी झालेल्या युद्धात मदत करणारी 30 घराणी 1381 मध्ये आत घेतली. सतराव्या शतकात क्रीट बेटासाठी तुर्कांशी लढताना खजिना आटला, तेव्हा 1 लाख डुकाट (व्हेनिसचं चलन) हा उमरावकीचा उघड भावच ठरला. त्याच काळात सान बार्नाबा वस्तीत कंगाल उमराव राहत. खिशात दमडी नाही, पण परिषदेत मत आहे. मग ते मतच विकायचं.

1797 च्या मे महिन्यात नेपोलियनचं सैन्य खाडीकाठी येऊन ठेपलं. 12 तारखेला महापरिषद भरली. ठरावाला 600 सदस्यांची हजेरी लागे. तेवढे जमलेच नाहीत. तरीही मतदान झालं आणि प्रचंड बहुमताने परिषदेने स्वतःलाच बरखास्त केलं.